शहरातल्या बसचं भाडं वर्षानुवर्षं थांबतं आणि मग एकदम उडी का मारतं?

९ मे २०२५ रोजी मुंबईत बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून थेट १० रुपये झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगळुरू मेट्रोचं कमाल भाडं ६० वरून ९० रुपयांवर गेलं. तिथे काही टप्प्यांवरची वाढ इतकी अंगावर आली की आठवडाभरातच ती ७१ टक्क्यांपर्यंत आवरती घ्यावी लागली. त्याआधी दिल्ली मेट्रोने आठ वर्षं भाड्याला हात लावला नाही आणि मग २०१७ मध्ये पाच महिन्यांच्या अंतराने दोनदा वाढ केली. कमाल भाडं ३० चं ६० झालं.

अशा बातमीनंतर दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, महागाई किती वाढली बघा, भाडं वाढणारच. दुसरी म्हणते, आधीच इतकी महागाई, त्यात आणखी भाडंही वाढवता? या वादात आकडे भरपूर फेकले जातात, पण ते कुठून येतात हे क्वचितच कुणी सांगतं. तेवढं समजून घेऊ.

महागाईचा दर कोणत्या वर्षापासून मोजायचा?

महागाई मोजण्यासाठी सरकार धान्य, भाजी, कपडे, औषधं, फी, प्रवास अशा घरखर्चातल्या शेकडो वस्तू आणि सेवांच्या किमती दर महिन्याला गोळा करतं. त्यांची सरासरी काढताना ज्यावर लोकांचा खर्च जास्त, त्या वस्तूला जास्त वजन दिलं जातं. यातून जो आकडा निघतो तो ग्राहक किंमत निर्देशांक. यापुढे त्याला नुसतं निर्देशांक म्हणू.

भाडं महाग झालं की स्वस्त, हे ठरवायला तिकिटावर छापलेली रक्कम पुरत नाही. तेवढ्या पैशांत बाकी काय येत होतं आणि आता काय येतं, हे पाहावं लागतं.

बेस्टचंच उदाहरण घ्या. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ वरून ५ रुपये केलं गेलं होतं. तेव्हापासून २०२५ च्या मे महिन्यापर्यंत देशातला निर्देशांक साधारण एक तृतीयांशाने वाढला. म्हणजे २०१९ चे ५ रुपये २०२५ मध्ये पावणेसात रुपयांच्या आसपास भरतात. त्यांच्या जागी १० रुपये घेणं म्हणजे महागाईच्या कितीतरी पुढे जाणं. पण मोजणी फक्त एक महिना आधी सुरू केली, म्हणजे ८ रुपये असतानापासून, तर ते ८ रुपये २०२५ मध्ये साडेदहाच्या वर जातात. त्या हिशेबाने १० रुपये हे भाडं उलट किंचित स्वस्तच ठरतं.

दोन्ही गणितं बरोबर आहेत. फरक आहे तो मोजणी कधीपासून सुरू केली यात, आणि प्रत्येक बाजू आपल्या सोयीची सुरुवात धरते. म्हणून भाडं महागाईपेक्षा जास्त वाढलं किंवा कमी वाढलं, असं कुणी सांगितलं की कधीपासून, हा प्रश्न आधी विचारावा.

बस चालवणं दरवर्षी महाग का होतं?

डिझेल, वीज, सुटे भाग, टायर हे सगळं महागतं, हे उघड आहे. पण बहुतेक शहरांत बससेवेच्या खर्चातला सगळ्यात मोठा घास असतो पगाराचा, आणि खरी मेख तिथेच आहे.

केस कापणाऱ्याकडे पाहा. पन्नास वर्षांपूर्वी एक डोकं उरकायला त्याला जेवढा वेळ लागायचा, जवळपास तेवढाच आजही लागतो. पण त्याचा संसार आजच्या भावाने चालतो. कारखान्यात यंत्र आलं, एक माणूस दहापट माल काढू लागला, त्यामुळे पगार वाढूनही वस्तू स्वस्त राहिली. इथे तसं होत नाही. कापायचा दर वाढला नाही, तर तो दुसरा धंदा बघेल.

बसचालकाची गोष्ट वेगळी नाही. एक चालक एका वेळी एकच बस चालवतो, आणि रस्त्यावर कोंडी वाढली तर पूर्वी दिवसाला आठ फेऱ्या करणारा सहाच करतो. म्हणजे पगार वाढतो आणि काम घटतं, तेही त्याचा काही दोष नसताना. विल्यम बॉमॉल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकात हे कोडं नीट मांडलं. ज्या सेवेत माणसाचा वेळ हाच मुख्य कच्चा माल असतो, त्या सेवेचा खर्च सर्वसाधारण महागाईच्या थोडा पुढेच धावतो.

म्हणून भाडं निर्देशांकाच्या बरोबरीने वाढवत नेलं तरी तूट हळूहळू रुंदावू शकते. थांबवून ठेवलं, तर ती झपाट्याने रुंदावते.

चव्वेचाळीस वर्षं पाच सेंट

भाडं गोठवल्यावर पुढे काय होतं, याचा धडा न्यूयॉर्कने घालून दिला आहे. तिथली भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली. भाडं पाच सेंट, कुठेही जा. गाड्या चालवणाऱ्या खासगी कंपन्यांशी शहराने केलेल्या करारातच ते पक्कं केलेलं होतं. सुरुवातीला कंपन्यांना हे भाडं चांगलंच परवडत होतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१३ ते १९२० या सात वर्षांत अमेरिकेतल्या किमती दुप्पट झाल्या. कंपन्या भाडं वाढवून मागू लागल्या, पण तोवर पाच सेंटचं तिकीट हा राजकारणातला सोवळा विषय झाला होता. जॉन हायलन हे महापौर तर त्याचे राखणदार म्हणूनच गाजले. भाडं वाढवतो म्हणणाऱ्याला निवडणूक जड गेली असती, त्यामुळे कुणीच ते म्हणेना.

भाडं स्थिर होतं, पण रेल्वे स्थिर नव्हती. दुरुस्त्या लांबल्या, डबे जुने होत गेले, गर्दी वाढली. १९३२ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांपैकी एक दिवाळखोरीत गेली आणि १९४० मध्ये शहराने दोन्ही कंपन्या विकत घेऊन सगळा भार स्वतःच्या डोक्यावर घेतला. अखेर १ जुलै १९४८ रोजी भाडं दहा सेंट झालं. तोवर किमती १९१३ च्या जवळजवळ अडीचपट झाल्या होत्या. पाच सेंटचं तिकीट शेवटच्या दिवशीही पाच सेंटचंच होतं. त्याची उरलेली किंमत करदात्याने आणि खिळखिळ्या डब्यात उभ्याने जाणाऱ्या प्रवाशाने भरली होती.

माझ्या मते भाडेगोठवणीबद्दल एवढं एक ध्यानात राहिलं तरी पुरे. गोठवलेलं भाडं म्हणजे दरवर्षी थोडी थोडी केलेली, कुठेही जाहीर न झालेली भाडेकपात असते. सरकार ती भरून देत असेल तर उत्तमच. भरून देत नसेल, तर ती बसमधून वसूल होते. रद्द झालेली फेरी, न बदललेला टायर, न भरलेली चालकाची जागा, ही सगळी तिचीच रूपं.

सुट्ट्या पैशांची अडचण

न्यूयॉर्कच्या कथेत एक बारीक तपशील आहे, जो मला फार बोलका वाटतो. प्रवेशद्वारावरच्या फिरत्या दांड्याच्या यंत्रात नाणं टाकलं की वाट मोकळी व्हायची. पाच सेंटचं एक नाणं होतं, दहा सेंटचंही होतं. पण १९५३ मध्ये भाडं पंधरा सेंट करायचं ठरलं आणि अडलं, कारण पंधरा सेंटचं नाणंच नव्हतं. त्यासाठी त्या वर्षी खास पितळी टोकन काढावं लागलं.

रोखीने तिकीट विकणाऱ्या प्रत्येक सेवेला ही अडचण येते. महागाई पाच टक्के झाली म्हणून पाच रुपयांचं तिकीट सव्वापाच करता येत नाही. भरलेल्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून वाहक चार आणे परत देत बसला, तर बस निम्म्या रस्त्यात जाईपर्यंत तिकिटं निघणार नाहीत. सहा रुपये केले तरी दहाची नोट देणाऱ्या प्रत्येकाला चार रुपये मोडून द्यायचे. म्हणून भाडं वर्षानुवर्षं थांबतं आणि मग पुढच्या सोयीच्या नाण्यावर उडी घेतं. पाचाचे दहा होण्यामागे तोट्याइतकाच वाहकाच्या पिशवीचाही हात असतो.

कार्ड आणि मोबाइल तिकिटांमुळे ही सबब आता उरलेली नाही. खात्यातून पाच रुपये तीस पैसे वजा करणं यंत्राला जड नाही. तरीही उड्या चालूच आहेत. तेव्हा उरलेलं कारण राजकीय आहे, असं म्हणायला हरकत नसावी.

भाडं दहा टक्के वाढवलं की उत्पन्नही दहा टक्के वाढतं?

नाही. काही प्रवासी गळतात. जगभरच्या अनुभवावरून बांधलेला जुना ठोकताळा असा, की भाडं दहा टक्क्यांनी वाढलं तर साधारण तीन टक्के प्रवासी कमी होतात. १०० प्रवासी १० रुपये देत होते, तेव्हा गल्ला १,००० रुपये. भाडं ११ झालं आणि ९७ प्रवासी उरले, तर गल्ला १,०६७. वाढ दहा टक्क्यांची आणि हाती लागले पावणेसात टक्क्यांच्या आतच.

हा ठोकताळा छोट्या वाढीसाठी आणि पहिल्या काही महिन्यांसाठी आहे. भाडं एकदम दुप्पट झालं तर तो लावू नये. काळ गेला की गळती वाढते, कारण माणसं सवयी सावकाश बदलतात. भाडं वाढलं त्या आठवड्यात कुणी दुचाकी घेत नाही. पण घरात ती घ्यायची चर्चा चालू होते, वर्षभरात हप्ता सुरू होतो आणि एकदा हप्ता सुरू झाला की तो प्रवासी पुढे भाडं कमी केलं तरी परतत नाही.

सगळ्यात आधी गळतो तो जवळचा प्रवासी. स्टेशनपासून घरापर्यंत दोन किलोमीटर जाणाऱ्याला किमान भाडं दुप्पट झालेलं लगेच खुपतं, आणि त्याला पर्यायही असतात. चालत जाणं, किंवा तिघा-चौघांत रिक्षा. वाढ रुपयांत लहान दिसते, टक्क्यांत मात्र सगळ्यात मोठी याच टप्प्यावर असते.

इथून एक दुष्टचक्र सुरू होऊ शकतं. प्रवासी कमी झाले म्हणून फेऱ्या कमी करायच्या. दर दहा मिनिटांनी येणारी बस वीस मिनिटांनी येऊ लागली की थांब्यावरची सरासरी वाट पाच मिनिटांवरून दहावर जाते. कंटाळून आणखी प्रवासी गळतात. भाडं वाढलं आणि फेऱ्याही घटल्या, तर प्रवाशाने एकाच तिकिटासाठी दोनदा किंमत मोजली. म्हणून दरवाढीच्या पत्रकात नव्या दरांच्या तक्त्याइतकंच फेऱ्यांबद्दल काय म्हटलंय हे बघावं. बहुधा काहीच म्हटलेलं नसतं.

“बस तर खच्चून भरलेली असते, मग तोटा कसला?”

हा आक्षेप रास्त वाटतो, कारण आपण बसतो ती बस भरलेलीच असते. आपण गर्दीच्या वेळीच प्रवास करतो ना! पण सकाळच्या दोन-तीन तासांत आणि संध्याकाळच्या तितक्याच वेळात जेवढ्या बस लागतात, तेवढ्या विकत घ्याव्या लागतात आणि तेवढे चालक नेमावे लागतात. दुपारी त्यातल्या कितीतरी आगारात उभ्या असतात. शिवाय सकाळी सगळे एकाच दिशेने जातात. भरून गेलेली बस परतताना रिकामी येते. डिझेल मात्र दोन्ही वेळा जळतंच.

त्यात विद्यार्थी, ज्येष्ठ, दिव्यांग यांच्या सवलती. त्या असाव्यातच. पण सरकारने जाहीर केलेल्या सवलतीचे पैसे सरकारकडून वेळेवर आले नाहीत, तर तो आकडा परिवहन सेवेच्या तोट्यात दिसतो आणि बोल तिलाच बसतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत.

भाडेवाढीमुळे महागाई भडकते का?

निर्देशांकापुरतं बोलायचं तर फारशी नाही. २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या भारतीय मालिकेत वाहतूक आणि दळणवळण या अख्ख्या गटाला मिळून ८.५९ टक्के वजन होतं, आणि त्यात पेट्रोल, गाड्या, फोन सगळंच आलं. बस-रेल्वेचं भाडं त्याचा एक तुकडा. समजा एखाद्या शहरात या तुकड्याचं वजन १०० पैकी २ आहे. भाडं २० टक्क्यांनी वाढलं तर निर्देशांक ०.४ टक्क्याने वर जाईल, तोही एकदाच.

अर्थात बदल पुरेसा मोठा असेल तर तोही आकड्यांत उमटतो. जर्मनीने २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये महागाईवर उतारा म्हणून महिनाभर देशातल्या सगळ्या स्थानिक गाड्यांतून फिरण्याचा पास अवघ्या ९ युरोला दिला, आणि जोडीला इंधनावर सूटही. तीन महिने संपले, दोन्ही बंद झालं. सप्टेंबरमध्ये जाहीर झालेला महागाईचा दर ऑगस्टच्या ७.९ वरून १० टक्क्यांवर पोचला. अन्न आणि ऊर्जा महागतच होती, पण या दोन सवलती संपल्याचाही त्यात हात असल्याचं तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने सांगितलं. भाडं कृत्रिमरीत्या खाली ओढलं की महागाई दबते, पण सोडलं की ती उसळून वर येते.

मात्र सरासरी फसवी असते. ज्याच्या घरात गाडी आहे त्याच्या खर्चात बसभाड्याचं वजन जवळजवळ शून्य. दोन बस बदलून कामावर जाणाऱ्या बाईच्या पगाराचा मात्र मोठा तुकडा त्यात जातो. निर्देशांक ०.४ ने हलला, हे तिला सांगून काय उपयोग?

“मग फुकटच करून टाका!”

काही ठिकाणी केलंय. एस्टोनियाची राजधानी टाल्लिनने २०१३ पासून नोंदणीकृत रहिवाशांना मोफत प्रवास दिला. लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभरची सार्वजनिक वाहतूक मोफत केली. फक्त लक्षात घ्यायचं की लक्झेंबर्ग श्रीमंत आहे आणि तिथे तिकिटातून आधीही खर्चाच्या जेमतेम दहाव्या भागाइतकेच पैसे येत होते. ज्या शहरात निम्मा खर्च तिकिटातून निघतो, त्याला तेवढा खड्डा दुसरीकडून भरावा लागेल.

दुसरीकडून म्हणजे कुठून, याची उत्तरं आहेत. फ्रान्समध्ये ११ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांकडून पगाराच्या रकमेवर वाहतुकीसाठी कर घेतला जातो. पॅरिस परिसरात तो १९७१ पासून आहे. कामगार वेळेवर पोचला तर फायदा मालकाचाही होतो, हा त्यामागचा विचार. लंडनने २००३ पासून मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावलं आणि ते पैसे वाहतुकीवर खर्च होतात. हाँगकाँगची मेट्रो कंपनी स्थानकांवरच्या आणि आसपासच्या बांधकामांतून कमावते. पण यातलं काहीच न करता मोफतची घोषणा झाली, तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

सूत्र ठरवून दिलं तर?

हाँगकाँगने मेट्रोसाठी २००७ मध्ये ते केलं. दरवर्षीच्या भाडेबदलाचं गणित आधीच छापलेलं आहे. निम्मं वजन निर्देशांकातल्या बदलाला, निम्मं वाहतूक क्षेत्रातल्या पगारवाढीला, आणि जे येईल त्यातून कार्यक्षमतेसाठी ठराविक वजावट. आधी कारभार सुधारा, मग भाडं मागा, या नेहमीच्या आक्षेपाला सूत्रातच जागा आहे. २०२३ च्या फेरआढाव्यात ही वजावट कंपनीच्या बांधकाम व्यवसायातल्या नफ्याशी जोडली गेली. हे सूत्र खालीही नेतं. २०२१ मध्ये भाडं कमी झालं होतं.

सिंगापूरमध्येही सूत्र आहे, पण २०२३ मध्ये त्यातून २२.६ टक्के वाढ निघाली. नियामकाने दिली ७ टक्के, उरलेली पुढच्या वर्षांवर ढकलली. प्रवाशाला धक्का कमी बसला, पण उधारी चढली. सूत्र असलं तरी ते कधी वाकवायचं हे माणसंच ठरवतात.

आणि गणित बरोबर असूनही सारं काही बिघडू शकतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये चिलीची राजधानी सांतियागोत गर्दीच्या वेळचं मेट्रोभाडं ८०० पेसोवरून ८३० झालं. चार टक्क्यांहून कमी, तेही तज्ज्ञांच्या समितीने महागाई, इंधन वगैरे पाहून ठरवलेलं. विद्यार्थ्यांनी तिकिटाविना दांडे ओलांडायला सुरुवात केली, आंदोलन देशभर पसरलं, वाढ मागे घेतली तरी थांबलं नाही आणि प्रकरण राज्यघटना बदलण्याच्या सार्वमतापर्यंत गेलं. कोलकात्यात १९५३ मध्ये ट्रामच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढलं, तेव्हाही शहर पेटलं होतं. वाढ किती यापेक्षा ती कोणत्या वर्षांच्या रागावर येऊन पडते, हे सूत्रात बसत नाही.

तरीही मी सूत्राच्याच बाजूने आहे. दरवर्षी चार-पाच टक्के वाढ झाली तर प्रवासी कुरकुरेल, पण महिन्याचा हिशेब बसवू शकेल. पाच वर्षांनी एकदम दुप्पट झाल्यावर बसवता येत नाही. आणि छापलेल्या सूत्राला प्रश्न विचारता येतो. मंत्रालयातून अचानक आलेल्या आदेशाला विचारता येत नाही.

ज्याचा पगार वाढलाच नाही त्याचं काय?

या प्रश्नापुढे सूत्र थिटं पडतं, कारण ते सरासरी माणसासाठी असतं. सगळ्यांचं भाडं गोठवलं तर गाडी परवडत असूनही सोयीसाठी बसने जाणाऱ्यालाही तेवढीच सवलत मिळते. नेमक्या माणसाला द्यायची, तर ती त्याच्या हाती पोचते कशी हे बघावं लागतं.

मासिक पास स्वस्त पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पासाचे सगळे पैसे एक तारखेला एकरकमी मोजावे लागतात. रोजंदारीवरच्या माणसाकडे त्या दिवशी तेवढे पैसे नसतात, शिवाय महिन्यात काम किती दिवस मिळेल याचीही खात्री नसते. म्हणून तो रोज सुटं तिकीट काढतो आणि महिनाअखेर पासवाल्यापेक्षा जास्त मोजतो. यावर उपाय आहे. लंडनमध्ये २००५ पासून कार्डावर दिवसाची कमाल मर्यादा आहे. ठरलेल्या रकमेइतके प्रवास झाले की त्या दिवशी पुढचे पैसे कापले जात नाहीत. नंतर तशीच आठवड्याची मर्यादाही आली. पास आधी विकत घ्यावा लागत नाही, वापरता वापरता तो आपोआप लागू होतो. भारतातल्या कितीतरी शहरांत आता कार्ड आणि मोबाइल तिकीट आहे, म्हणजे यंत्रणा हातात आहे. पुढच्या दरवाढीच्या पत्रकात अशी मर्यादा आहे का, आणि ती किती रुपयांना, हे नव्या किमान भाड्याच्याही आधी शोधायला हवं.